शेतावरची दुसरी सावली : टॉवर नसलेल्या विमानतळावर हुकलेल्या टकरीचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचं आहे. घटना अमेरिकेतल्या एका लहान विमानतळावर घडली, पण तिची मुळं राजारामपुरीतल्या माझ्या वर्गात आहेत, म्हणून ती मीच लिहायला हवी असं मला वाटलं. विद्यार्थी आणि त्याचे वडील यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील काढून लिहिलं आहे. कुणाला इजा झाली नाही, कुठल्या विमानाला ओरखडाही उठला नाही. दोन विमानं एकाच धावपट्टीवर, एकाच रेषेत, एकाच्या डोक्यावर दुसरं अशी उतरत होती आणि दोघांपैकी एकाही वैमानिकाला त्याचा पत्ता नव्हता.

पार्श्वभूमी

उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा. तरी ‘आमचं पोरगं पायलट होणार’ हे वाक्य कोल्हापुरातल्या साध्या घरांतून ऐकू यायला फार वर्षं जावी लागली. उडान योजनेतून नियमित विमानं यायला लागल्यावर ते वाढलं, हे मला माझ्या वर्गातल्या भरलेल्या बाकांवरून दिसतं. मी पूर्वी उडायला शिकवायचो. आता फक्त जमिनीवरचे विषय शिकवतो : नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि रेडिओ. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. ते पुरं करायला काही जण बारामतीसारख्या ठिकाणी जातात, काही परदेशी.

हा परदेशी गेला. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे, फौंड्रीतून आलेलं कास्टिंग मशिनिंग करून द्यायचं काम. घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं. पोरगा २१ वर्षांचा, शांत, अभ्यासात पक्का. इंग्रजी वाचायला-लिहायला चांगलं, बोलताना मात्र अडखळायचा.

माझ्या शिकवण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती या प्रकरणाचा भाग आहे. रेडिओच्या परीक्षेची तयारी म्हणजे आमच्याकडे टॉवरशी बोलायची तयारी. आपण विचारायचं, टॉवर सांगणार, ते आपण परत म्हणून दाखवायचं आणि मगच करायचं. ही सवय मी त्याच्या अंगात भिनवली होती. पलीकडे परवानगी देणारं कुणीच नसेल तर काय करायचं, हा प्रश्न मी वर्गात कधी काढलाच नव्हता.

टॉवर नसलेला विमानतळ चालतो कसा

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे साधारण ५,००० विमानतळ आहेत आणि त्यातल्या जेमतेम ५०० च्या आसपास ठिकाणी टॉवर आहे. बाकी ठिकाणी धावपट्टी, इंधनाचा पंप, वारा दाखवणारा विंडसॉक आणि एक सामायिक फ्रिक्वेन्सी. प्रत्येक वैमानिक आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत हे त्या फ्रिक्वेन्सीवर आपणहून सांगतो. ऐकणारे त्यावरून आपापलं ठरवतात.

या सगळ्याला शिस्त येते ती सर्किटमुळे. तिकडे त्याला पॅटर्न म्हणतात. धावपट्टीला समांतर, पण उतरण्याच्या उलट दिशेने जायचं तो डाउनविंड, मग काटकोनात वळून बेस, मग धावपट्टीच्या रेषेत फायनल. वेगळी सूचना नसेल तर सगळी वळणं डावीकडे. लहान विमानांची उंची जमिनीपासून साधारण १,००० फूट. बाहेरून येणाऱ्याने डाउनविंडच्या मध्याला ४५ अंशांत येऊन मिळावं अशी शिफारस आहे. लांबून सरळ फायनलवर येण्याला, म्हणजे स्ट्रेट-इनला, बंदी नाही. फक्त सर्किटमधल्या विमानांची घडी त्याने विस्कटू नये.

आपल्या विद्यार्थ्यांना यातल्या दोन गोष्टी ऐकून धक्का बसतो. एक, अशा बहुतेक ठिकाणी रेडिओची सक्ती नाही. जुन्या, विजेची यंत्रणाच नसलेल्या विमानांत तो बसवलेलाही नसतो. दुसरी, फ्रिक्वेन्सी मोजक्या असल्यामुळे १२२.८ सारखी एकच फ्रिक्वेन्सी आसपासचे अनेक विमानतळ वापरतात, त्यामुळे पन्नास मैलांवरचं बोलणंही कानावर पडत असतं. म्हणून प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचं नाव घ्यायचं असतं.

हवेतली टक्कर म्हटलं की आपल्याकडे चरखी दादरी आठवतं : १२ नोव्हेंबर १९९६, दोन मोठी विमानं, ३४९ मृत्यू. ती टक्कर नियंत्रकाच्या देखरेखीखालच्या आकाशात झाली. त्यानंतर मोठ्या विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा आपल्याकडे बंधनकारक झाली. पण त्यानंतर सातच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सी इथे जे घडलं ते मी आता वर्गात जास्त वेळ घेऊन सांगतो. टॉवर नसलेला विमानतळ, एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या. एकीवर प्रवासी विमान उतरत होतं, दुसरीवरून एक विमान सुटत होतं. छेदावर दोन्ही आदळली, १४ जण गेले. हृदयाला लागतं ते पुढचं. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारलं होतं की धावपट्टीवरचं विमान थांबणार आहे का. उत्तर आलं, पण ते त्या विमानाचं नव्हतं. त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या तिसऱ्याच लहान विमानाने दिलेलं होतं, आणि तेही मध्येच तुटलं. उतरणाऱ्यांना वाटलं, शंका फिटली.

प्रसंग

सप्टेंबर महिना, संध्याकाळचे पावणेसहा, आकाश निरभ्र. विद्यार्थी सेस्ना १७२ या लहान विमानात एकटा होता. उतरायचं आणि न थांबता पुन्हा उडायचं, असा सराव चालला होता. ही चौथी फेरी. धावपट्टी १८, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उतरायचं. डावं सर्किट असल्याने डाउनविंड पूर्वेच्या अंगाला आणि बेस पश्चिमेकडे, थेट मावळतीच्या उन्हात.

डाउनविंडवर असताना एक आवाज आला. वयस्कर, सावकाश, मुरलेला. मतलब असा : आपण पायपर (हीही लहान विमानांची एक कंपनी) आहोत, एलिव्हेटरवर पोचलोय, एक-आठसाठी सरळ येतोय. विमानतळाचं नाव नाही, अंतर नाही, दिशा नाही.

एलिव्हेटर म्हणजे त्या शेतीभागातली धान्याची उंच कोठारं. विद्यार्थ्याला एकच कोठार माहीत होतं, गावाच्या नैऋत्येला, हमरस्त्यालगतचं, कारण राहत्या खोलीवरून विमानतळावर जाताना ते रोज दिसायचं. नैऋत्येला असलेला माणूस दक्षिणमुखी धावपट्टीवर सरळ कसा उतरणार, हे कोडं त्यालाही पडलं. “सर, मला वाटलं दुसऱ्याच एअरपोर्टचा असणार,” तो नंतर मला म्हणाला. समोरच्या ट्रॅफिक स्क्रीनवरही कुणी दिसत नव्हतं. मग झालंच.

प्रत्यक्षात ते पायपर बरोबर उत्तरेला होतं, साडेतीन मैलांवर, दुसऱ्या एका कोठाराच्या डोक्यावर. तिथले जुने वैमानिक वर्षानुवर्षं त्यालाच एलिव्हेटर म्हणत आले होते. स्क्रीनवर ते दिसत नव्हतं कारण आपली जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र त्या विमानात नव्हतं. ते यंत्र २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवती आणि ठरावीक हवाई क्षेत्रांत सक्तीचं आहे. अशा आडगावच्या विमानतळावर नाही.

विद्यार्थ्याने बेसचा कॉल दिला आणि वळला. ऊन डोळ्यांत आलं. त्याने उन्हाची झडप खाली ओढली, उजवीकडे एक नजर टाकली, फायनलचा कॉल देऊन डावीकडे वळला. पायपरवाल्याने हे दोन्ही कॉल ऐकले होते. सेस्ना आपल्या बरीच पुढे असणार, आपण पोचेपर्यंत ती उतरून गेलेली असेल, असा त्याचा हिशोब होता. प्रत्यक्षात तो सेस्नापेक्षा २५ नॉट जास्त वेगाने येत होता.

जमिनीपासून ४०० फुटांवर असताना विद्यार्थ्याने डाव्या खिडकीतून खाली पाहिलं. सोयाबीनच्या शेतावरून त्याच्या विमानाची सावली पळत होती. सूर्य उजवीकडे कलला होता, त्यामुळे सावली बरीच लांब, डावीकडे पडली होती. तिच्या मागून, जराशी पलीकडून, दुसरी एक सावली तिला गाठत होती.

पहिला निर्णय : विचारायचं की सोडून द्यायचं

माझ्या मते हे प्रकरण इथेच घडलं, सावलीच्या दोन मिनिटं आधी. खटकलं होतं, पण विचारलं नाही. “पायपर, तू विमानतळाच्या कुठल्या बाजूला, किती मैलांवर आहेस?” एवढा एक प्रश्न पुरला असता. तो का विचारला नाही, याची कारणं आम्ही दोघांनी फोनवर पुन:पुन्हा खणली.

एक कारण माझ्याकडे येतं. टॉवरशी बोलायला शिकलेल्या पोराला दुसऱ्या वैमानिकाला थेट प्रश्न करणं म्हणजे आगाऊपणा वाटतो. सिनियर माणूस बोलला, तर आपण ऐकून घ्यायचं. दुसरं कारण सांगायला त्याला चार दिवस लागले. आदल्या आठवड्यात त्याचा कॉल एका वैमानिकाला कळला नव्हता, तीनदा ‘पुन्हा सांग’ म्हणाला होता, आणि फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून तो पाठ केलेले कॉल सोडून एक शब्द जास्त बोलत नव्हता. ही लाज मला नीट कळते. पुण्या-मुंबईच्या पोरांत बसल्यावर आपल्या पोरांची तोंडं मिटतात ती मी पाहिली आहेत. पण आकाशात ती लाज घातक आहे, आणि हे कुणीतरी त्याला आधी सांगायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

पायपरवाल्याची बाजूही बघू. त्याने खोटं काही सांगितलं नाही. त्याने आपल्या गावच्या माणसाला कळेल असं सांगितलं. कोल्हापुरात नव्याने आलेल्या माणसाला ‘कावळा नाक्यावर ये’ म्हटलं, तर तो ताराराणी चौकाच्या पाटीखाली उभा राहून कावळा नाका शोधत बसेल. रस्त्यावर तो कुणाला तरी विचारील. ९० नॉटवर उडणाऱ्याला थांबून विचारायची सोय नाही. अंतर, दिशा, उंची, या तीन गोष्टी जगातल्या कुठल्याही वैमानिकाला कळतात. कोठार, तळं, साखर कारखाना हे फक्त तिथल्यालाच.

दुसरा निर्णय : बेसला वळणं

शंका उरली असताना डाउनविंड थोडा लांबवता आला असता. अर्धा मिनिट पुढे गेला असता, तर पायपर डावीकडे, समोरून येताना आपसूक दिसलं असतं. विद्यार्थ्याने वळायचं ठरवलं, कारण मागच्या तीन फेऱ्यांत तो त्याच जागी वळला होता. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. सराव हात घडवतो, तसा कधी डोळ्यांवर झापडही आणतो.

तिसरा निर्णय : उजवीकडची ती एक नजर

त्याने पाहिलं, हे खरं आहे. पण कसं पाहिलं? डोळा सरकता ठेवला तर त्याला बारीक गोष्ट दिसत नाही. आकाश साधारण दहा-दहा अंशांच्या तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद नजर थांबवायची, असं शिकवतात. त्याची नजर एका झटक्यात उजवीकडून समोर आली.

त्यात एक वाईट गोष्ट आहे. ज्या विमानाशी टक्कर होणार असते ते काचेतून पाहताना जागचं हलत नाही. हलणारं विमान लक्ष वेधतं आणि ते बहुधा बाजूने निघून जातं. काचेवर माशी बसल्यासारखा एक ठिपका जागच्या जागी राहून हळूहळू मोठा होतो, तो आपला. अमेरिकी नियामकांच्या मार्गदर्शनात एक हिशोब दिलेला असतो : वस्तू दिसल्यापासून ती विमान आहे, आपल्यावरच येतंय, आता वळायला हवं, हे कळून हात हलेपर्यंत आणि विमान प्रतिसाद देईपर्यंत १२.५ सेकंद जातात. त्यातले ९ सेकंद फक्त डोक्यात जातात, धोका ओळखण्यात आणि काय करायचं ते ठरवण्यात. २५ नॉटच्या फरकाने, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरने, मागचं विमान तेवढ्या वेळात १६० मीटर जवळ येतं.

फायनलवर आल्यानंतर तर पाहून उपयोगच नव्हता. सेस्नाचे पंख डोक्यावर असतात, वरचं दिसत नाही. त्या पायपरचे पंख पोटाखाली होते, खालचं दिसत नाही. वर पायपर आणि खाली सेस्ना, ही जोडी म्हणजे दोघांचेही डोळे बांधलेले.

चौथा निर्णय : सावली दिसल्यावर

इथे त्याच्यापुढे पर्याय किती होते आणि त्याला ते किती दिसले, हे वेगवेगळं मोजायला हवं.

उतरताना काही बिघडलं, की फुल थ्रॉटल आणि वर, म्हणजे गो-अराउंड, हे शिकाऊ वैमानिकाच्या हाडात बसवलेलं असतं. त्या क्षणी ते केलं असतं, तर तो सरळ पायपरच्या पोटात घुसला असता. तसंच उतरत राहिला असता, तर वेगाने येणारं पायपर त्याच्यावर टेकलं असतं. डावीकडे जायचं तर ती सर्किटची बाजू, तिथे आणखी कुणी असू शकलं असतं. उजवीकडे मोकळं होतं, पण पायपर नेमकं डोक्यावर आहे की जरा उजवीकडे, हे सावलीवरून त्याला कळत नव्हतं.

त्याने थ्रॉटल दिला, नाक वर जाऊ दिलं नाही, उंची धरून ठेवली आणि हलकेच उजवीकडे सरकला. त्याच वेळी बोलला. मोडक्या इंग्रजीत, पण बोलला : सेस्ना फायनलवर आहे, खाली आहे, उजवीकडे जातेय, माझ्या वर विमान आहे. विमानतळाचं नाव त्यातही राहून गेलं. बाकी ऐकणाऱ्याला त्या घडीला जे लागतं ते सगळं त्यात होतं. पायपरवाल्याने काही न विचारता थ्रॉटल लावला आणि सरळ वर गेला. पंपावर उभा असलेला एक माणूस नंतर म्हणाला की दोन विमानांत उभं अंतर शंभर फूटही नसावं. तो अंदाजच आहे, मोजमाप कुणाकडे नाही.

वर न जाता बाजूला सरकणं त्याला कसं सुचलं, हे मी विचारलं. “सावली पलीकडं होती म्हणजे तो वर होता, सर. वर जाऊन कसं चालेल?” सूर्य कुठे, सावली कुठे, म्हणजे विमान कुठे, ही भूमिती त्याने त्या दोन सेकंदांत मांडली होती. हे श्रेय पूर्ण त्याचं.

जमिनीवर आल्यानंतर

त्याने पावणेतीन तास कुणालाही काही सांगितलं नाही. त्याचा इन्स्ट्रक्टर त्या दिवशी दुसऱ्या विमानतळावर होता. मग मला फोन आला. इथे सकाळचे सात वाजले होते, मी रंकाळ्यावरून फिरून परतत होतो. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “पप्पांना सांगू नका.” मी “बरं” म्हणालो. हे माझं चुकलं. तो घाबरलेला होता आणि मी त्याला एकटं राहायला मदत केली.

त्याची भीती पोकळ नव्हती. व्हिसा शाळेशी बांधलेला, घर बँकेकडे. नोंद झाली तर परवाना जाईल, परवाना गेला तर सगळंच जाईल, अशी साखळी त्याच्या डोक्यात तयार झाली होती. गप्प बसायचं, फक्त इन्स्ट्रक्टरला सांगायचं, पायपरवाल्याला गाठून बोलायचं, किंवा नासाच्या अहवाल यंत्रणेला लिहायचं, असे रस्ते होते. ही यंत्रणा १९७६ पासून चालते. वैमानिक आपल्या चुका, हुकलेले अपघात लिहून कळवतात, तिथे नाव-गाव काढून टाकलं जातं आणि मग मजकूर सगळ्यांच्या शिकण्यासाठी वापरला जातो. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि अहवाल दहा दिवसांत दिलेला असेल, तर नियामक सहसा दंडाची कारवाई करत नाही. गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात असेल तर हे संरक्षण नाही. म्हणजे त्याला ज्याची भीती वाटत होती तेच खरं तर त्याचं कवच होतं, पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

मध्ये एक अख्खा दिवस आम्ही ‘चूक कुणाची’ यावर घालवला. नियम असा की फायनलवरच्या विमानाला बाकीच्यांपेक्षा आधीचा हक्क, आणि दोन विमानं उतरायला येत असतील तर खालच्याला आधीचा हक्क. पण या नियमाचा फायदा घेऊन खालच्याने दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. या तीन वाक्यांत दोघांनाही आपापली बाजू सापडते. मी त्या वादात रस घेतला, हेही मला आता पटत नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं की वडिलांना तू सांग, नाहीतर मी सांगतो. त्याने सांगितलं. त्या संध्याकाळी वडील माझ्याकडे आले. मी त्यांना समजवायची तयारी करून बसलो होतो, पण तशी वेळच आली नाही. ते म्हणाले, “सर, आमच्याकडं लेथच्या चकातनं जॉब सुटून भिंतीवर आदळला आणि कुणाला लागला न्हाई, तरी वहीत लिवायला लागतंय. कंपनीचा ऑडिटर आला की पयली तीच वही मागतोय. कोरी वही दावली की त्यालाच शंका येतीय. मग ह्यानं का लिवायचं न्हाई?”

मग त्यांनीच फोन लावला आणि पोराला म्हणाले, “लिव. बँकेचं मी बघतो.”

परिणाम

सहाव्या दिवशी अहवाल गेला. इन्स्ट्रक्टरला सांगितल्यावर पुढचे दोन आठवडे एकट्याने उडणं बंद राहिलं, ते तासही लांबले आणि खर्चही वाढला. व्हिसाला काही झालं नाही.

पायपरवाला स्वतःहून शाळेत येऊन त्याला भेटला. तीसेक वर्षं तो तिथे उडतोय. दुसऱ्या कोठाराचा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता, कारण नैऋत्येचं कोठार त्याच्या दृष्टीने ‘नवीन’ होतं. त्याने माफी मागितली, यानेही मागितली. पंपाच्या खिडकीला एक कागद चिकटवला गेला : अंतर आणि दिशा सांगा, खुणा सांगू नका. शाळेने आपल्या शिकवण्यात काही बदललं का, ते मला कळलेलं नाही. त्या कागदापलीकडे विद्यार्थ्याला तरी काही दिसलं नाही.

२०० तास पुरे करून तो परत आला आहे आणि भारतातल्या परवान्याच्या तयारीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

विद्यार्थ्याने काय करायला हवं होतं ते वर येऊन गेलं. पायपरवाल्याने स्ट्रेट-इन न येता, सर्किटमध्ये कुणी आहे हे ऐकून डाउनविंडला येऊन मिळायला हवं होतं. कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल इथे १८ ऑगस्ट २०२२ ला हेच झालं होतं. सर्किटमध्ये लहान सेस्ना १५२, लांबून सरळ आणि फार वेगाने येणारं दोन इंजिनांचं विमान. दोघेही रेडिओवर बोलत होते. तिघे गेले. तिथे शब्दांचा घोळ नव्हता, दुसरं विमान आहे हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून ‘नीट बोला’ एवढं सांगून मी थांबू शकत नाही. ऐकलेलं विमान जोवर डोळ्यांनी दिसत नाही, तोवर ते कुठेही असू शकतं असं धरून चालायचं. आणि जे बोललंच नाही, ते तर असणारच.

माझ्या वर्गात मी दोन गोष्टी बदलल्या. रेडिओच्या तासाला आता टॉवर नसलेला विमानतळ वेगळा शिकवतो. त्यात विद्यार्थ्यांनी एकमेकांना अडवून प्रश्न विचारणं सक्तीचं आहे, मोडक्या इंग्रजीत का होईना. चुकीच्या व्याकरणाला मी त्या तासाला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट गच्चीवर चालते. खडूने धावपट्टी आणि सर्किट आखतो. प्रत्येकाच्या हातात वॉकी-टॉकी. एकाने खोक्याचा पुठ्ठा डोक्यावर आडवा धरायचा, तो सेस्ना. दुसऱ्याने कमरेशी धरायचा, तो पायपर. पायपरला पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवरून उतरत यायला लावतो. दोघांनीही ठरलेले कॉल द्यायचे. पहिल्याच फेरीत बहुतेक वेळा पुठ्ठ्यावर पुठ्ठा आपटतो.

परवा हा तास त्या विद्यार्थ्यानेच घेतला. आपली सगळी हकिगत सांगितली, सावलीची भूमिती खडूने काढून दाखवली. पोरं गप्प होऊन बघत होती. गडहिंग्लजहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. “दादा, दुपारचे बारा वाजले असते तर सावली खालीच पडली असती ना, विमानाच्या पोटाखाली? मग तुम्हाला काय दिसलं असतं?”

त्याने खडू ठेवला. “काहीच नाही,” तो म्हणाला.